दहावा हात

बस टेकापेठच्या नाक्यावरून सुटली, तेव्हा आम्हा दहा नगरसेवकांना कुठे नेत आहेत हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक होतं, आणि त्यालाही बोलायची मनाई होती. पहिल्या बाकावर बालाजी ठेकेदार बसले होते. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता आणि ते दर पाच मिनिटांनी मागे वळून आम्हाला मोजत होते. शाळेची सहल नेणारे मास्तर मोजतात तसे.

"लहानूभाऊ, खिडकीजवळ सरका ना जी. हवा लागन."

"बरा हाये मी इथं."

"घाम येऊन रायला तुमाले, म्हणून म्हटलं."

घाम कशानं फुटतोय हे मलाच माहीत होतं. त्या बसमधले नऊजण नगराध्यक्षांना पाडायला निघाले होते आणि एकजण, म्हणजे मी, त्यांना वाचवायला.

तेव्हा टेकापेठ शहर होऊन अवघी तीन वर्षं झाली होती. शहर म्हणायचं आणि आपणच हसायचं. रेल्वेचे रूळ इथे येऊन संपत. पुढे सागाचं जंगल आणि त्यापुढे नदी. लाकडाच्या वखारी, आरागिरण्या, चार पेठा आणि जिकडून तिकडून पोट भरायला आलेली माणसं. नगरपालिकेचं कार्यालय एका जुन्या वखारीच्या पत्र्याखाली होतं. पहिल्या सभेत पहिला ठराव रस्त्यावरच्या दिव्यांचा झाला आणि दुसरा, बाजारात शिरणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त करण्याचा. बिबट्याचा एकमतानं पास झाला.

या शहराचे पहिले नगराध्यक्ष डोमाजी निकुरे. मी आणि ते एकाच लाकडाच्या ट्रकमधून इथे आलो होतो. त्यांच्याजवळ गोणपाटात गुंडाळलेली करवत होती, माझ्या मांडीवर शिलाई मशीनचं डोकं. ते आरागिरणीत लागले, मी नाक्यावर दुकान मांडलं. पुढे गावानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांनी मला आग्रहानं निवडणुकीला उभं केलं. मी त्यांना डोमाभाऊ म्हणायचो. नगराध्यक्ष झाल्यावरही ते रस्त्याची आखणी स्वतः दोरी धरून करायचे आणि दोरीचं दुसरं टोक बहुधा माझ्या हातात असायचं.

त्यांना एकच वेड होतं, बाळंतिणींचा दवाखाना. डॉक्टर नदीपलीकडे, तालुक्याच्या गावी. अडलेली बाई बैलगाडीत घालून नदीवर न्यायची, नावाड्याच्या डोंग्याची वाट पाहायची, पलीकडे उतरवायची. डोमाभाऊंचं पहिलं बाळ नदीकाठच्या रेतीत जन्मलं आणि तिथेच गेलं. भागरथावहिनींना पुन्हा मूल झालं नाही. डोमाभाऊ याबद्दल कधी बोलायचे नाहीत, पण नगरपालिकेची सगळ्यांत मोक्याची जागा, स्टेशनाला लागून असलेली, त्यांनी दवाखान्यासाठी राखून ठेवली. भिंती छपरापर्यंत आल्या. पत्रे येऊन पडले. नर्सच्या नेमणुकीचा कागदही आला. आणि नेमकी तीच जागा बालाजी ठेकेदारांना वखारीसाठी हवी होती.

अविश्वासाचा ठराव पास व्हायला पंधरापैकी दहा हात लागत. ठेकेदारांकडे नऊ होते. दहाव्यासाठी ते माझ्या दुकानात आले, वखारीच्या चौकीदारांचे गणवेश शिवायचं काम देतो म्हणाले. मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, म्हणून लगेच नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळी डोमाभाऊंना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून हसले.

"जाय तू त्यायच्यासंगं."

"कोठं?"

"सहलीले. त्यायले वाटू दे, दहा झाले म्हणून. ऐन वेळी तुहा हात खाली राहिला का ठराव पडन. एकदा पडला का लवकर पुन्हा आणता येत नाही. तवरोक दवाखाना सुरू होऊन जाईन. मंग घ्या म्हणा खुर्ची."

अशी ती त्यांचीच युक्ती होती. हे मी आधीच सांगून ठेवतो.

पहिला दिवस खाण्यापिण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बस एका टेकडीखाली थांबली. वर महादेवाचं देऊळ. आम्ही पायऱ्या चढलो, दर्शन घेतलं, आता प्रसाद घेऊन उतरायचं म्हणून वळलो तर ठेकेदार दारात उभे. हातात तबक, तबकात बेलाची पानं आणि भंडारा.

"एवढं करून घेऊ," ते गोड आवाजात म्हणाले. "माह्या मनात काही नाही. पण मागच्या वेळी एका गावात सहलीवरून आलेले दोघं ऐन वेळी फिरले. बेल-भंडारा उचला आन आपापल्या घरातल्या सगळ्यांत लाडक्या माणसाचं नाव घ्या."

एकेक पुढे झाला. कोणी मुलाचं, कोणी आईचं नाव घेतलं. एकानं बैलाचं घेतलं, तेव्हा सगळे हसले आणि ठेकेदारांनी त्याला पुन्हा उचलायला लावलं. माझी पाळी आली. मी मनात ठरवलं होतं, स्वतःचंच नाव घ्यायचं. आपला जीव आपल्याला लाडका असतो, त्यात खोटं काय?

"लहानूभाऊ," ठेकेदार म्हणाले, "तुमची पार्बता आली हाये ना बाळंतपणाले? तिचंच घ्या."

पार्बता माझी एकुलती एक. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना. नऊजण माझ्याकडे पाहत होते. नाही म्हटलं असतं तर डाव तिथेच उघडा पडला असता. मी बेल-भंडारा उचलला. "ठरावाच्या बाजूनं हात वर करीन, नाही तं माह्या पार्बताचं बरं होणार नाही," असं मोठ्यानं म्हणालो. भंडारा बोटांना चिकटला होता. पायऱ्या उतरताना मी तो धोतराला पुसत होतो, पण पिवळं काही जात नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी ऊन कलताना बस परत आली. ठेकेदारांनी सगळ्यांना आपल्या बंगल्यावर उतरवलं. घरी जायची कोणाला परवानगी नव्हती. फक्त मला अर्धा तास मिळाला, कारण सहलीची भेट म्हणून दहा एकसारखे पांढरे सदरे शिवायला दिले होते आणि ते माझ्या दुकानात होते. मी आधी दुकानात गेलो नाही. सरळ दवाखान्याच्या बांधकामावर गेलो.

डोमाभाऊ तिथेच असणार, हे ठाऊक होतं. गवंड्यावर त्यांचा भरवसा नव्हता. रोज संध्याकाळी बादली घेऊन ते स्वतः नव्या भिंतींवर लोट्यानं पाणी मारत. शहराचा नगराध्यक्ष, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून.

"आला का सहलीवरून? देव कोणता दाखवला?"

"महादेव."

"आन त्यायले दहा हायेत असंच वाटते ना?"

"वाटते."

"मंग तोंड काऊन असं?"

मी सांगितलं. त्यांचा लोटा चालू होता. पार्बताचं नाव आलं तेव्हा थांबला.

"बेलाच्या पानानं माणूस मरत असता ना लहानू, तं या जंगलात एकही जिता राहिला नसता."

"बरोबर हाये तुमचं."

"मंग?"

मी खाली पाहत राहिलो. त्यांनी भिंतीच्या एका थराला शेवटपर्यंत पाणी मारलं, परत आले, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

"वर कर हात," ते म्हणाले.

"भाऊ..."

"आयक. मी मानत नाही हे. पण तू मानते. उद्या तू हात खाली ठेवला आन पोरीले साधा ताप जरी आला, तरी तू माह्याकडे पाहशीन. तोंडानं काही बोलणार नाही तू. पण पाहशीन. मले ते झेपणार नाही. पार्बता काही तुही एकट्याची पोरगी नाही."

"आन हे?" मी भिंतींकडे हात केला.

"भिंती कोठं पळून जातात? पत्रे आज नाही तं दोन वर्सांनं चढतीन. खुर्ची गेली तं पुन्हा येईन, नाही तं नाही येणार. वर कर. उद्या फक्त माह्याकडे पाहू नको."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "जाय. सदरे घेऊन जाय. ठेकेदार मोजत बसला असन." त्यांच्या ओल्या हाताचा ठसा बंगल्यावर पोचेपर्यंत माझ्या पाठीला गार लागत होता.

सभा सकाळी अकराला भरली. अध्यक्षस्थानी जिल्ह्याहून आलेले अधिकारी. डोमाभाऊंना बोलायची संधी दिली. ते उठले.

"मले भाषण येत नाही," ते म्हणाले. "दवाखान्याच्या भिंतीले अजून आठ दिवस पाणी लागते. खुर्चीवर कोणीबी बसा, पण पाणी मारा." आणि बसले.

ठरावाच्या बाजूचे हात वर करा, असं अधिकारी म्हणाले. नऊ हात पटकन वर गेले. नऊ पांढऱ्या बाह्या. अधिकाऱ्यांनी बोटानं मोजलं, एकदा, मग पुन्हा. प्रेक्षकांत बसलेल्या ठेकेदारांनी माझ्याकडे मान वळवली. मी हात वर केला. घाईत शिवलेला सदरा काखेत टर्रकन उसवला, आणि त्या शांततेत तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. पाहू नको म्हटलं होतं तरी मी डोमाभाऊंकडे पाहिलं. तेही हसत होते.

गावानं मला माफ केलं नाही आणि ते बरोबरच होतं. दुकानाच्या फळीवर कोणीतरी कोळशानं "फितूर" लिहून ठेवलं. माझ्या बायकोला, अनुसयेला, मी शपथेचं सांगितलं तेव्हा ती पोरीच्या खोलीकडे पाहून "बरं केलं" एवढंच म्हणाली. डोमाभाऊ मात्र दर दोन दिवसांनी घरी येत. पार्बतासाठी भागरथावहिनींनी दिलेले डिंकाचे लाडू आणत, चारचौघांत माझ्या दुकानाच्या बाकावर बसत, म्हणजे लोकांनी पाहावं. आपणच सांगितलं होतं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

भिंतींना कोणी पाणी मारलं नाही. पत्रे ठेकेदारांच्या वखारीवर चढले. नर्सच्या नेमणुकीचा कागद परत गेला. महिन्याभरात त्या चार भिंतींच्या आत सागाचे ओंडके रचलेले दिसू लागले.

पार्बताला सकाळी मुलगी झाली. घरातच, सोनाबाई सुईणीच्या हातून. मूल ठणठणीत होतं, रडणं नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं. मी दारात गूळ वाटायला घेतला होता. तेवढ्यात सोनाबाई बाहेर आली. तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं.

"थांबत नाही जी," ती म्हणाली. "आता हे माह्या हातचं नाही. नदी पार करा."

मी रस्त्यावर धावलो तर कोपऱ्यावर रेंगी उभीच होती. छपराची हलकी बैलगाडी, बैल जुंपलेले, कासरा डोमाभाऊंच्या हातात. आत भागरथावहिनी सतरंज्या अंथरून बसल्या होत्या. मूल झाल्याचं कळल्यापासून ते तिथे येऊन थांबले होते. कशासाठी, असं मी विचारलं नाही.

रस्ता स्टेशनावरूनच जायचा. पार्बताचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचा चेहरा धुतलेल्या मांजरपाटासारखा झाला होता. रेंगीच्या मागच्या बाजूनं तिला त्या भिंती दिसल्या.

"काका, तुमचा दवाखाना तो हाच का?" तिनं विचारलं.

"हो माय," डोमाभाऊ पुढं पाहतच म्हणाले.

"मोठा हाये."

त्यानंतर ती काही बोलली नाही. डोमाभाऊंनी बैलांना कधी चाबूक लावला नव्हता, त्या दिवशी लावला.

डोंगा पलीकडच्या काठाला होता. डोमाभाऊ कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि "डोंगाऽऽ" अशी हाळी देऊ लागले. हाळी देऊन देऊन त्यांचा आवाज फाटला. पलीकडे नावाडी उठला, त्यानं वल्हं उचललं, निघालाही. तो येईपर्यंत मी पोरीचे तळवे घासत होतो. डोंग्याचं टोक रेतीला लागलं तेव्हा भागरथावहिनींनी आपल्या लुगड्याचा पदर पार्बताच्या तोंडावर ओढला. ऊन डोक्यावर होतं. रेती इतकी तापलेली की पाय ठेववत नव्हता, आणि पोरगी माझ्या हातात गार होत चालली होती.

बऱ्याच वेळानं डोमाभाऊ माझ्या शेजारी येऊन बसले. धोतरातून पाणी गळत होतं.

"लहानू," ते म्हणाले, "तुहा हात मी वर केला रे. मी म्हटलं नसतं तं तू खाली ठेवला असता. दवाखाना सुरू झाला असता. नर्स आली असती." ते रेतीत बोटं खुपसत होते. "ते पोरगी माह्या तोंडच्या एका शब्दानं गेली."

मी काहीच बोललो नाही. त्यांना वाटलं, दुःखानं माझी वाचा बसली आहे. तीही बसली होतीच.

जावयानं दुसरं लग्न केलं. नात, शालू, आमच्या दोन घरांत वाढली. सकाळी अनुसयेच्या हातची न्याहारी, दुपारी भागरथावहिनींच्या मांडीवर झोप. डोमाभाऊ पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. लोक मागे लागले, पुढच्या खेपेला तर विनवायला आले, पण ते एकच काम धरून बसले. गावात कोणत्याही घरी बाई अडली की रेंगी जुंपायची आणि नदीवर न्यायची. डोंगेवाल्याला सांगून त्यांनी एक डोंगा कायम अलीकडच्या काठाला बांधून ठेवायला लावला. किती वाचल्या कोण जाणे. त्यांच्याकडे कोणी हात जोडले की ते तोंड फिरवायचे. अकरा वर्षं हे चाललं. लोक म्हणायचे, पहिला नगराध्यक्ष गाडीवान झाला. मला दुकानातून रेंगीची घुंगरं ऐकू आली की माझी सुई थांबायची.

बाराव्या वर्षी नदीवर पूल झाला. त्याच वर्षी नव्या नगरपालिकेनं त्या भिंती पाडून दवाखाना पुन्हा बांधायला घेतला, आणि त्याच वर्षी डोमाभाऊ अंथरुणाला खिळले. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. एक दिवस वहिनी पाणी भरायला गेल्या होत्या. शालू अंगणात सागरगोटे खेळत होती. डोमाभाऊंनी डोळे उघडले.

"लहानू, एक इचारू?"

"इचारा ना भाऊ."

"खरं सांगजो. मी त्या दिवशी म्हटलं नसतं, तं तू हात खाली ठेवला असता ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं ते हेच विचारायला थांबले होते.

"ठेवला असता," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. हसू होतं, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. त्यांनी माझा उजवा हात शोधून धरला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "माह्यासाठी तू शपथबी मोडली असती."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता खरं सांगतो. देवळाच्या पायऱ्या उतरताना, धोतराला भंडारा पुसत असतानाच माझं ठरलं होतं. हात वर करायचा. डोमाभाऊ असोत, दवाखाना असो, पोरगी आधी. त्या संध्याकाळी मी बांधकामावर त्यांना विचारायला गेलोच नव्हतो. तुम्हाला पाडणार आहे, हे सांगायला गेलो होतो. तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि तेवढ्यात त्यांनीच म्हटलं, वर कर. मला सुटल्यासारखं झालं. मी पाया पडलो तो त्या सुटकेसाठी. ते म्हणाले नसते तरी दहावा हात वर जाणारच होता. पार्बता त्यांच्या शब्दानं गेली नाही. हे वाक्य मी रेतीत बसून बोललो असतो, तर तो माणूस अकरा वर्षं त्या गाडीला जुंपला गेला नसता. शेवटच्या दुपारीही बोलता आलं असतं. पण त्यांना मित्र हवा होता आणि मला त्यांच्या नजरेत मित्रच राहायचं होतं. मी त्यांना काही दिलं की त्यांचं काही घेतलं, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

दवाखान्याला त्यांचं नाव आहे. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर त्यांची मोठी तसबीर आहे, बरीच उंच लावलेली. शालूची दोन्ही मुलं तिथेच झाली. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला ती मला रिक्षातून घेऊन जाते, हार माझ्या हातात देते आणि म्हणते, "आबा, या वर्षी तरी तुम्ही घाला."

हार घालायचा तर हात वर करावा लागतो. खांदा दुखतो म्हणतो मी, आणि हार तिच्याकडे परत देतो.